व्हिएन्नाच्या जुन्या कॉफी हाउसात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएन्नाला जाणारे बहुतेक जण एखाद्या प्रसिद्ध कॅफेत जाऊन येतात, पण पाऊण तास रांगेत आणि वीस मिनिटं टेबलावर असा हिशेब झाला तर त्या जागेची खरी मजा हातातून निसटते. तिथे एका कॉफीच्या पैशांत टेबल मिळतं आणि त्या टेबलावर निवांत बसण्याचा हक्क मिळतो. पुढची सगळी उत्तरं हे डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

साधा कॅफे आणि पारंपरिक कॉफी हाउस, फरक काय?

पारंपरिक कॉफी हाउसात वेटर टेबलाशी येऊन ऑर्डर घेतो. कॉफी छोट्या धातूच्या तबकात, पाण्याच्या ग्लासासह येते. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीलगत गादीची बाकं आणि लाकडी दांड्यात अडकवलेली वर्तमानपत्रं असतात. सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत काही ना काही मिळतं. काउंटरवरून कागदी कपात कॉफी घेऊन निघायचं, हा प्रकार इथला नव्हे.

'कोंडिटोराय' म्हणजे मिठाईवाल्याचं दुकान ही वेगळी गोष्ट. कोलमार्क्ट रस्त्यावरचं डेमेल हे मुळात कोंडिटोराय आहे. तिथला मुख्य विषय केक, कॉफी त्याच्या जोडीला. दोन्ही ठिकाणी जावं, पण डेमेल पाहून कॉफी हाउस पाहिलं असं समजू नये.

ऑस्ट्रियाने २०११ मध्ये व्हिएन्नाच्या कॉफी हाउस संस्कृतीची नोंद युनेस्कोच्या करारानुसार ठेवलेल्या आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली. ही नोंद कुठल्या एका इमारतीची किंवा पाककृतीची नाही, बसण्याच्या या रीतीची आहे.

पहिल्यांदाच जातोय. कुठल्या कॅफेत जावं?

एकाच ठिकाणी जायला वेळ असेल तर कॅफे श्पेर्ल. गुम्पेनडोर्फर रस्त्यावर १८८० पासून आहे, यू-२ मेट्रोच्या म्युझियम्सक्वार्टियर स्थानकापासून चालत जाता येतं. उंच छत, झिजलेली लाकडी जमीन, मोठ्या खिडक्या आणि बिलियर्ड्सची खिसे नसलेली टेबलं. बिलियर्ड्सच्या एखाद्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून ठेवलेली दिसतील, ती वाचायलाच असतात.

कॅफे सेंट्रल सगळ्यांत प्रसिद्ध, यू-३च्या हेरेनगासे स्थानकाला लागून. १८७६ मध्ये सुरू झालं. लेखक पेटर आल्टेनबेर्ग इथे इतका रमलेला असे की त्याची टपालही इथे यायची. दाराशी त्याचा पुतळा बसवलेला आहे. पहिल्या महायुद्धाआधी व्हिएन्नात राहणारा रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की इथे बुद्धिबळ खेळायचा. मात्र हे कॅफे दुसऱ्या महायुद्धात बंद पडलं आणि १९७५ मध्ये त्याच वास्तूच्या वेगळ्या भागात पुन्हा उघडलं. म्हणजे आज आपण ज्या कमानींचे फोटो काढतो, तिथे आल्टेनबेर्गचं टेबल नव्हतं. वास्तू देखणी आहे यात शंका नाही, पण गर्दीमुळे तिथे निवांत बसणं कठीण जातं.

बाकीच्यांत आपापल्या आवडीनुसार निवडा. श्टुबेनरिंगवरचं प्र्यूकल १९०४चं, पण आतली सजावट १९५०च्या दशकातली, वास्तुरचनाकार ओस्वाल्ड हेर्टलची. प्रशस्त आणि उजेडाचं असल्याने वाचत बसायला उत्तम. डोरोथेअरगासेतलं हावेल्का १९३९चं, अंधारं, लहानसं, भिंतींवर चित्रं आणि जुनी पोस्टरं. तिथे रात्री आठनंतर भट्टीतून गरम 'बुख्टेल्न' निघतात, म्हणजे आत आलुबुखाराचा घट्ट मुरांबा भरलेले मऊ गोड पाव. त्यासाठी रात्रीच जावं. विद्यापीठाजवळचं लांटमान १८७३चं, सिग्मंड फ्रॉइडच्या नेहमीच्या जागांपैकी एक. आज तिथे राजकारणी आणि शेजारच्या बुर्ग नाट्यगृहाचे लोक दिसतात, आणि दरही त्या मानाने चढे. ऑपेराजवळचं कॅफे म्युझियम वास्तुरचनाकार आडोल्फ लोसने १८९९ मध्ये इतकं साधं सजवलं होतं की लोकांनी त्याला 'कॅफे निहिलिझमुस' (शून्यवादाचं कॅफे) असं नाव ठेवलं. आतली आजची रचना लोसची नाही, नंतरच्या योसेफ त्सोटीच्या सजावटीवर बेतलेली आहे.

पर्यटक कमी आणि शेजारपाजारचे लोक जास्त असं हवं असेल तर सहाव्या विभागातलं येलिनेक गाठा. यू-३च्या त्सीग्लरगासे स्थानकावर उतरायचं.

रांग टाळता येते का?

सेंट्रल, झाखर हॉटेलचं कॅफे आणि डेमेल या तीन ठिकाणी सकाळी उशिरापासून संध्याकाळपर्यंत रांग असते, शनिवार-रविवारी आणि डिसेंबरच्या नाताळबाजारांत तर फारच. दार उघडल्याउघडल्या जा, किंवा रात्रीच्या जेवणानंतर. काही कॅफे ऑनलाइन आरक्षण घेतात, पण गर्दीच्या वेळेसाठी नियम वेगळे असू शकतात, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर आधी पाहा. रस्त्यावर वीसपेक्षा जास्त माणसं उभी दिसली तर सरळ दुसरीकडे जा. जुन्या शहरात दहा मिनिटांच्या अंतरात तितकंच चांगलं कॉफी हाउस सापडतं.

उन्हाळ्यात काही जुने कॅफे रविवारी बंद असतात. जायच्या आदल्या दिवशी वेळ तपासावी.

आत गेल्यावर थांबायचं की थेट बसायचं?

दाराशी थांबण्याची पाटी किंवा कर्मचारी असेल तर थांबा, ते जागा दाखवतात. नसेल तर मोकळं टेबल बघून बसायचं. 'रेझर्वियर्ट' लिहिलेली पाटी टेबलावर असेल तर त्यावर वेळही लिहिलेली असते का ते पाहा. संध्याकाळी सातचं आरक्षण असेल तर दुपारी तीनला त्या टेबलावर बसता येतं, फक्त वेटरला विचारून.

थंडीत जाड कोट खुर्चीवर कोंबू नका. दाराजवळ खुंट्या किंवा 'गार्डेरोबे' असते. कोट सांभाळायला माणूस बसलेला असेल तर तिथे थोडे पैसे पडू शकतात. पासपोर्ट आणि पाकीट मात्र अंगावरच ठेवा.

वेटरला हाक कशी मारायची?

पुरुष वेटरला 'हेर ओबर'. बाईंसाठी तसा रूढ शब्द नाही. नजर भेटल्यावर हात किंचित वर करून 'बिट्टे' म्हटलं की पुरे. चुटकी वाजवणं, शुकशुक करणं, लांबून ओरडणं इथे अपमानाचं मानतात, आणि मग खरोखरच उशीर होतो. आत शिरताना 'गृस गॉट' आणि निघताना 'आउफ वीडरझेएन' म्हणायची रीत आहे. एवढ्याने वागणुकीत फरक पडतो.

इथले वेटर तुसडे असतात, हे खरं का?

त्यांची पद्धत औपचारिक आहे. काळा कोट, कमी बोलणं, हसू बेताचं. ऑर्डर दिल्यावर ते पुन्हापुन्हा येऊन 'आणखी काही?' विचारत नाहीत, कारण तुम्हाला एकटं सोडणं हाच इथला आदर आहे. दुर्लक्ष झालं असं वाटून बरेच जण उगाच नाराज होतात. काही हवं असेल तेव्हा हाक मारायची, एवढंच.

कॉफी कुठली मागवावी?

नुसतं 'कॉफी द्या' म्हटलं तर वेटर 'कुठली?' असं विचारणार. मुख्य प्रकार असे:

श्वार्त्सर, म्हणजे काळी कॉफी. 'क्लाइनर' म्हटलं तर एका एस्प्रेसोइतकी, 'ग्रोसर' म्हटलं तर दुप्पट. जुन्या मेन्यूंत यालाच मोका म्हणतात.

ब्राउनर. तीच काळी कॉफी, सोबत छोट्या भांड्यात साय किंवा दूध. तुम्ही हवं तितकं ओतायचं.

फर्लेंगर्टर, म्हणजे गरम पाणी घालून वाढवलेली कॉफी. बेताच्या कडकपणाची, मोठ्या कपात. दूध हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

मेलांज. शहरात सगळ्यांत जास्त चालणारी. कॉफी, गरम दूध आणि वर दुधाचा फेस. कॅपुचिनोच्या जवळची, चवीला थोडी सौम्य.

फ्रान्झिस्कानर ही मेलांजच, पण फेसाऐवजी वर फेटलेली साय, म्हणजे 'श्लागओबर्स'.

आइनश्पेनर. दांडी असलेल्या काचेच्या ग्लासात दुप्पट काळी कॉफी आणि वर सायीचा जाड थर. ही ढवळायची नाही. थंड सायीखालून गरम कडू कॉफी ओठांशी येते, चव त्यातच आहे. ढवळली की साय वितळते आणि कोमट, तेलकट पेय उरतं. घोडागाडी हाकणारे एका हातात लगाम धरून ही प्यायचे असं सांगतात. सायीच्या थरामुळे कॉफी लवकर निवत नाही, हे मात्र प्रत्यक्ष अनुभवता येतं.

दारू न घेणाऱ्यांनी दोन नावं लक्षात ठेवावीत: 'फियाकर'मध्ये रम किंवा चेरीची दारू असते आणि 'मारिया थेरेझिया'मध्ये संत्र्याचं लिक्युअर. मेन्यूत ती साध्या कॉफ्यांच्याच ओळीत असतात.

'आइसकाफे' म्हणजे बर्फ घातलेली कोल्ड कॉफी नव्हे. उंच ग्लासात गार कॉफी, व्हॅनिला आइस्क्रीम आणि वर साय येते, म्हणजे जवळजवळ एक गोड पदार्थच.

घरी दूध-साखरेची कॉफी पिणाऱ्याने मेलांजपासून सुरुवात करावी. कुठलीच कॉफी साखर घालून येत नाही, साखर तबकात वेगळी असते. कडक फिल्टर कॉफीची सवय असेल तर ग्रोसर ब्राउनर. कॅफिन नको असेल तर 'कोफाइनफ्राय', ओटचं दूध हवं असेल तर 'हाफरमिल्श' असं विचारा. चहा मागवला तर गरम पाणी आणि पिशवी येते. उकळलेला दुधाचा चहा इथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

कॉफीसोबतचं पाणी प्यायचं असतं का? त्याचे वेगळे पैसे पडतात का?

प्या, निर्धास्त प्या. ते नळाचंच असतं, आणि व्हिएन्नाचं नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून येतं. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९१० मध्ये. कॉफीसोबतच्या ग्लासाचे पैसे लागत नाहीत आणि जास्त वेळ बसलात तर चांगल्या कॅफेत दुसरा ग्लास न मागता येतो. नुसतंच पाणी मागितलं तर काही ठिकाणी शुल्क लावतात. 'मिनरालवासर' म्हटलं तर बाटली येते, बहुधा बुडबुड्यांची, आणि ती बिलात लागते. नळाचं पाणी हवं असेल तर 'लाइटुंग्सवासर' म्हणा.

ग्लासावर चमचा पालथा ठेवलेला असतो, तो कॉफीसाठीच.

एका कॉफीवर किती वेळ बसता येतं?

शेजारपाजारच्या कॅफेत दोन-तीन तासही. कोणी उठा म्हणत नाही आणि मागितल्याशिवाय बिल येत नाही. रांग लागलेल्या प्रसिद्ध ठिकाणी मात्र बाहेरच्यांचा विचार करून तासाभरात उठावं. जेवणाच्या वेळी मांडून ठेवलेल्या टेबलांवर नुसती कॉफी घेऊन बसू नये.

कधी तुम्ही निम्म्यात असताना वेटर हिशेब मागायला येतो. घाबरू नका, त्याची पाळी संपलेली असते. पैसे द्या आणि बसून राहा.

आम्ही अंडं खात नाही. गोड काय चालेल?

हा प्रश्न आपल्याकडच्या प्रवाशांना सगळ्यांत जास्त अडतो, कारण काचेच्या कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक केकमध्ये अंडं असतं. झाखर, एस्टरहाझी, डोबोश, गुगलहुप्फ, सगळ्यांत. बुख्टेल्नच्या पिठातही बहुधा असतंच.

उपाय मेन्यूतच असतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांना ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी ती पदार्थाच्या नावापुढे रोमन अक्षरांनी छापतात. तिसरं अक्षर 'सी' म्हणजे अंडं. 'ए' म्हणजे ग्लुटेन, 'जी' म्हणजे दूध, 'एच' म्हणजे काजू-बदामासारखा सुकामेवा. ज्या पदार्थापुढे 'सी' नाही तो शोधा. अक्षरं छापलेली नसतील तर 'ओने आय?' म्हणजे 'अंड्याशिवाय?' असं विचारा.

अंड्याशिवाय मिळण्याची सर्वाधिक शक्यता आप्फेलश्ट्रूडलमध्ये. त्याचं पारंपरिक पीठ मैदा, पाणी, तेल आणि मीठ एवढ्याचंच असतं, ते हाताने ओढून कागदासारखं पातळ करतात. आत सफरचंद, मनुका, दालचिनी आणि लोण्यात परतलेला पावाचा चुरा. पण काही कॅफेत पिठात किंवा वरून लावायला अंडं वापरतात, आणि मनुका अनेकदा रममध्ये भिजवलेल्या असतात. दोन्ही विचारा. सोबत व्हॅनिला सॉस घेऊ नका, त्यात अंड्याचा बलक असतो. त्याऐवजी श्लागओबर्स घ्या. चक्क्यासारख्या ताज्या चीजचं टोप्फनश्ट्रूडल नावाने जवळचं वाटलं तरी त्याच्या सारणात सहसा अंडं असतं.

दारूचं बंधन पाळणाऱ्यांनी पुन्श्क्राप्फन (गुलाबी चौकोनी केक) आणि मालाकॉफ टोर्टे टाळावेत, दोन्हींत रम असते. गार, थरथरीत क्रीमच्या केकमध्ये जिलेटिन असण्याचा संभव असतो, आणि ते अक्षरांच्या यादीत येत नाही. ते वेगळं विचारावं लागतं.

हे सगळं नको असेल तर ताजा 'झेमल' पाव, लोणी आणि जर्दाळूचा मुरांबा मागवा. साधं, पोटभरीचं, आणि कॉफीबरोबर फार छान लागतं.

झाखर टोर्टे झाखरमध्ये खावा की डेमेलमध्ये?

परंपरेनुसार फ्रान्त्स झाखरने हा चॉकलेटचा केक १८३२ मध्ये ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याच्यासाठी केला. पुढे 'अस्सल' कोणाचा यावरून झाखर हॉटेल आणि डेमेल यांच्यात वर्षानुवर्षं दावा चालला आणि १९६३ मध्ये तो मिटला. झाखरकडे 'अस्सल' हे नाव आणि गोल चॉकलेटी शिक्का राहिला, डेमेलकडे त्रिकोणी शिक्का. कापल्यावर फरक दिसतो. झाखरच्या केकला मधोमध आणि चॉकलेटच्या थराखाली असा दोनदा जर्दाळूचा मुरांबा असतो, डेमेलच्या केकला फक्त चॉकलेटच्या थराखाली.

'कोरडा आहे' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. हा केक तसाच असतो, म्हणून त्याच्यासोबत बिनसाखरेची फेटलेली साय देतात. प्रत्येक घासाबरोबर थोडी साय घ्यायची. त्या केकसाठीच रांगेत उभं राहायची गरज नाही. याच घडणीचा केक शहरातल्या बहुतेक कॅफेत मिळतो.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण नावावर जाऊ नका. 'टोस्ट' म्हणजे बहुतेकदा हॅम आणि चीज. व्हिएन्नाचं बटाट्याचं सॅलड निरुपद्रवी दिसतं, पण त्यात गोमांसाचं सूप घालण्याची पद्धत आहे. पातळ सूप, मग त्यात शेवयांसारखे धिरड्याचे तुकडे असोत की रव्याचे गोळे, सहसा गोमांसाचंच. बटाट्याच्या 'गुलाश'मध्ये सॉसेज असतं.

भाज्यांचं श्ट्रूडल, पालकाचे क्नोडल (उकडलेले गोळे) आणि चीजचे नूडल ही त्यातल्या त्यात सुरक्षित नावं. पण क्नोडलमध्ये अंडं असतं, आणि चीजच्या नूडलवर कधी खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. तळलेलं चीज आणि श्नित्सल (मांसाचा तळलेला पातळ तुकडा) एकाच तेलात तळले जाऊ शकतात. 'फेगेटारिश?' म्हणजे 'शाकाहारी?' एवढं विचारून न थांबता 'ओने फ्लाइश, ओने सुप्पे' म्हणजे 'मांसाशिवाय, सूपाशिवाय' असंही सांगा.

मांसाहारींसाठी, 'फ्रांकफुर्टर' म्हणजे उकडलेल्या सॉसेजची जोडी, मोहरीची चटणी आणि पाव. त्यात डुकराचं मांस असतं.

खर्च किती आणि पैसे कसे द्यायचे?

मेलांजला साधारण ५ ते ७ युरो आणि केकच्या तुकड्याला ५ ते ९ युरो धरून चला. मध्यवर्ती, प्रसिद्ध ठिकाणी वरचा आकडा. दर वाढत राहतात, बहुधा दाराबाहेर मेन्यू लावलेला असतो, तो पाहून आत जा.

बिल हवं असेल तेव्हा 'त्साह्लेन, बिट्टे'. वेटर विचारेल, 'त्सुझामेन?' म्हणजे एकत्र, की 'गेट्रेंट?' म्हणजे वेगवेगळं. आठ-दहा जणांच्या ग्रुपने प्रत्येकाचं वेगळं बिल मागू नये. एकाने द्यावं आणि हिशेब मुक्कामी करावा.

टिप ५ ते १० टक्के, पण टेबलावर ठेवून जात नाहीत. पैसे देताना टिप धरून होणारी रक्कम बोलून सांगायची. बिल १७.४० युरो असेल आणि तुम्ही २० ची नोट देत असाल, तर 'नॉयनत्सेन' (एकोणीस) म्हणा, एक युरो परत मिळेल. सगळेच ठेवायचे असतील तर 'श्टिम्ट झो'. एक सावधगिरी: नोट पुढे करताना नुसतं 'डांके' म्हटलं तर 'बाकीचे ठेवा' असा अर्थ घेतला जाऊ शकतो. सुटे परत हवे असतील तर ते हातात आल्यावर आभार माना. कार्डाने देताना रक्कम यंत्रात टाकण्याआधी सांगावी. काही लहान कॅफेत अजून रोख पैसेच चालतात, जवळ २०-३० युरो असू द्या.

फोटो, लॅपटॉप, सिगारेट?

आपल्या टेबलाचा, केकचा फोटो खुशाल काढा. दुसऱ्यांच्या टेबलाजवळ उभं राहून, फ्लॅश मारून नको. फोनवर बोलायचं तर बाहेर. लॅपटॉप काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. विचारून उघडा. १ नोव्हेंबर २०१९ पासून आत धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे. उन्हाळ्यात फुटपाथवर मांडलेल्या टेबलांवर लोक सिगारेट ओढतात. धूर सोसत नसेल तर आत बसा.

मुलांना नेलं तर चालेल का?

चालेल. त्यांच्यासाठी हॉट चॉकलेट किंवा सफरचंदाचा रस सोडा घालून ('आप्फेलझाफ्ट गेश्प्रिट्स्ट') मागवा. प्रत्येकाने काहीतरी घ्यावं अशी अपेक्षा असते. लहान मुलांबाबत सूट मिळते, पण चौघांत एक कॉफी असं करू नये. पिशवीतला चिवडा-चकली मात्र काढू नका.

तुर्कांनी टाकून दिलेल्या पोत्यांतून इथली कॉफी सुरू झाली, ही गोष्ट खरी का?

१६८३ चा तुर्की वेढा उठल्यावर कोल्शित्स्की नावाच्या हेराला कॉफीच्या बियांची पोती मिळाली आणि त्याने पहिलं कॉफी हाउस काढलं, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री पुरावा वेगळा आहे. कॉफी विकण्याचा पहिला परवाना जानेवारी १६८५ मध्ये योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाला.

इतिहासातली एक गोष्ट मात्र इथे बसताना जरूर आठवावी. १९०० च्या आसपास या टेबलांवर लिहिणाऱ्या-वाद घालणाऱ्यांत ज्यू लेखक, विचारवंत आणि ग्राहक फार मोठ्या संख्येने होते. मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना पळून जावं लागलं किंवा त्यांची हत्या झाली. अनेक ज्यू मालकांची कॅफे हिसकावली गेली. इमारती उरल्या, तो समाज परतला नाही. १९५० च्या दशकात एस्प्रेसो बार आले आणि उरलेल्यांपैकीही बरीच जुनी कॅफे बंद पडली. जी आज चालू आहेत, ती या सगळ्यातून तगलेली आहेत.

या खुर्च्या मुंबईत पाहिल्यासारख्या का वाटतात?

कारण घडण तीच आहे. मिशाएल टोनेटने वाफवलेलं बीचचं लाकूड वाकवून १८५९ मध्ये १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, त्यामुळे त्या जहाजाने जगभर गेल्या. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच पद्धतीच्या.

घरी काय न्यावं?

झाखर टोर्टे लाकडी पेटीत मिळतो आणि कोरड्या घडणीमुळे प्रवासात टिकतो. हातातल्या सामानात ठेवा, फ्रिज लागत नाही. अंडं न खाणाऱ्यांसाठी कॉफीच्या भाजलेल्या बिया उत्तम. दळून घेत असाल तर घरी कॉफी कशात करता ते सांगा, कारण मोका पॉटसाठी बारीक आणि फ्रेंच प्रेससाठी जाड दळण लागतं. आपल्या स्टीलच्या फिल्टरसाठी या दोन्हींच्या मधलं, थोडं बारकाईकडे झुकणारं दळण मागा.